‘रोझारिओ प्लस व्हँपायर’च्या न्यायाधीशांना, एका कुरुमुवालीचं खुलं पत्र

प्रति,
‘रोझारिओ प्लस व्हँपायर’ पूर्ण पाहिलेले, अर्धवट पाहिलेले आणि नुसत्या क्लिप पाहून मत बनवलेले तमाम चाहते

स. न. वि. वि.

ही जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) केलेली कार्टून मालिका, येऊन इतकी वर्षं झाली, तरी अधूनमधून कुणीतरी नव्याने तिच्या नादाला लागतंच. दोन सीझन, प्रत्येकी तेरा भाग, शनिवार-रविवारात उरकतात. सोमवारी पात्रांचा निकाल बाहेर. आतली मोका पहिली, मिझोरे दुसरी. कुरुमु म्हणजे नुसती छाती. युकारी डोक्यात जाते. रुबी कोण, ते नीट आठवत नाही. नायक त्सुकुने बिनकामाचा. मग जुनी मंडळी येतात, मांगा वाचल्याचा तोरा मिरवतात, आणि पुढे दोन्ही बाजूंनी जी भाषा निघते ती ऐकून वाटावं, बांधावरून भाऊबंदकी पेटलीय.

मी कुरुमुवाली आहे, हे आधीच सांगून टाकते. पण हे पत्र तिच्यासाठी मतं मागायला लिहिलेलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. नायक शेवटी कुणाचा झाला यावरून तुम्ही बाकीच्या मुलींची किंमत करता, आणि त्या मुली गोष्टीत नेमकं काय करतात हे बघायचंच राहून जातं. हॅरेम गोष्टीत पाच-सहा मुली आणि एक मुलगा असतो. म्हणजे एक सोडून सगळ्या हरणार, हे पहिल्या पानापासून ठरलेलं असतं. जे आधीच ठरलंय त्यासाठी त्यांना नापास कसं करता?

कुरुमुपासूनच सुरुवात करते. नवीन मंडळींसाठी थोडक्यात संदर्भ: त्सुकुने आओनो हा चारचौघांसारखा मुलगा. हायस्कूलच्या प्रवेश परीक्षांत सपाटून मार खातो आणि वडिलांच्या हाती लागलेल्या एका पत्रकाच्या जोरावर योकाई अकादमीत दाखल होतो. शाळा निघते राक्षस-पिशाच्चांची. तिथे सगळ्यांनी माणसाच्या रूपात वावरायचं असा नियम आहे, आणि खरा माणूस सापडला तर त्याला जिवंत सोडायचं नाही असाही. पहिल्याच दिवशी सायकलवरून येऊन त्याच्या अंगावर आदळते ती मोका अकाशिया. व्हँपायर. गळ्यात रोझारिओ, म्हणजे क्रूस. तो त्सुकुनेच्या हातून निघाला की गुलाबी केसांची गोड ‘बाहेरची’ मोका जाते आणि चंदेरी केसांची, लाल डोळ्यांची दुसरी, ‘आतली’ मोका जागी होते. एवढं पुरे.

कुरुमु येते ती खलनायिका म्हणून. सक्युबस, म्हणजे पुरुषांना भुलवणारी पिशाच्चीण आहे, शाळेतल्या यच्चयावत मुलांना मोहिनी घालायची तिची योजना, आणि मोका आडवी येते म्हणून ती त्सुकुनेला संमोहित करते. मारामारी होते, आतली मोका तिला लोळवते आणि पुन्हा कधी उडता येऊ नये म्हणून तिचे पंख आणि शेपूट उपटायला निघते. तेव्हा मध्ये कोण उभं राहतं? त्सुकुने. ज्याला कुरुमुने फसवलं, तोच. ही मुलगी मनाने वाईट नाही, असं तो म्हणतो. मोका हात आवरते. आणि दुसऱ्या दिवशी कुरुमु स्वतः केलेली बिस्किटं घेऊन हजर.

हा प्रसंग तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. लक्षात मात्र राहिलं ते तिचं अंग. सक्युबसांची संख्या घटत चाललीय, म्हणून हजारांतून एक ‘नियतीचा जोडीदार’ शोधणं हे तिचं काम आहे. सगळ्या मुलांना भुरळ घालण्यामागचं कारण ते. ज्या मुलीने आयुष्यभर मोहिनी हेच एक हत्यार शिकलं, तिला तिच्या मोहिनीतून सुटलेला एक मुलगा तिच्या बाजूने उभा राहिलेला दिसतो. त्यानंतर ती त्याच्यावर मोहिनी वापरायचं सोडून स्वयंपाकघरात शिरते. यात व्यक्तिरेखा नाही असं कोण म्हणतं? पुढे मांगाच्या दुसऱ्या भागात तिची भ्रम निर्माण करण्याची शक्ती लढाईत कामी येते, ती स्वतःच्या जिवावर लढते. ते अ‍ॅनिमेत नाही, हा काही तिचा गुन्हा नाही.

आता अ‍ॅनिमेविषयी. इकेदा अकिहिसा यांची ही मांगा २००४ साली ‘मंथली शोनेन जंप’मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये ते मासिकच बंद पडलं. तोवरचा मजकूर पहिल्या भागाच्या दहा खंडांत आहे. त्याच वर्षी प्रकाशक शुएइशाने ‘जंप स्क्वेअर’ काढलं आणि दुसरा भाग तिथे सुरू झाला, तो २०१४ पर्यंत चालला, चौदा खंड. गॉन्झो स्टुडिओचा पहिला सीझन जपानी टीव्हीवर आला जानेवारी २००८ मध्ये. तारखा मुद्दाम सांगतेय. अ‍ॅनिमे करणाऱ्यांच्या हातात त्या वेळी दहा खंडांची पूर्ण गोष्ट होती. त्यात त्सुकुनेच्या अंगात मोकाचं रक्त पुन्हा पुन्हा गेल्यामुळे तो घूल, म्हणजे एक हिंस्र पिशाच्च, बनत जातो, भान हरपून स्वतःच्याच माणसांवर धावून जाईल अशी त्याची अवस्था होते, आणि त्याला आवरायला त्याच्या मनगटावर मंतरलेली साखळी बांधावी लागते. म्हणजे तिच्या गळ्यात रोझारिओ, याच्या हातात साखळी. दोघांच्याही आत कुलूपबंद असं काहीतरी. गोष्टीचा कणा तो आहे. अ‍ॅनिमेने तो काढून ठेवला आणि त्या जागी काय आणलं, तर एक वटवाघूळ, जे आजची लढाई किती सेकंदांत संपली ते सांगतं.

वटवाघळावर माझा राग नाही, गमतीचं आहे ते. पण त्या सेकंद मोजण्यातच सगळं आलं. दर भागाचा साचा एकच: कुणीतरी त्रास देतं, बाकीच्या मुली थोडं लढून हरतात, त्सुकुने धडपडत येऊन रोझारिओ ओढतो, आतली मोका जागी होते, ‘आपली पायरी ओळख!’ म्हणते, एक लाथ, खेळ खल्लास. या साच्यात कुरुमुला, मिझोरेला, युकारीला जिंकताच येत नाही. त्या जिंकल्या तर रोझारिओ ओढायचं कारणच उरत नाही. आणि तुम्ही भाग संपल्यावर म्हणता, या बाकीच्या कशाला आहेत, काही उपयोगाच्या नाहीत. अहो, उपयोगाच्या असू नयेत अशीच तर तजवीज केलेली आहे.

इथे मांगावाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत. तुमच्याकडे येतेच आहे. अ‍ॅनिमे म्हणजे कचरा, पाहणारे म्हणजे अडाणी, हे तुमचं पालुपदही कानांना टोचतं. मिझुकी नाना यांनी एकाच मोकाचे दोन आवाज केलेत, एक पाण्यासारखा आणि एक पात्यासारखा. दोन्ही सीझनची सुरुवातीची गाणी पुन्हा त्यांचीच. ते मांगाच्या पानावर कुठून मिळणार? तुमच्यातले निम्मे आधी तो आवाज ऐकूनच मांगाकडे वळले असतील. शिवाय पहिल्या काही खंडांतली मांगासुद्धा अंतर्वस्त्रांच्या झलकांत काही मागे नव्हती. तिचं चित्र आणि सूर दोन्ही पुढे बदलत गेले, गडद झाले. शेवटचे खंड वाचून सुरुवातीच्या खंडांना सोवळं ठरवता येत नाही.

आता दोन मोकांचं भांडण. यावर थोडा वेळ घालवते, कारण सगळ्यात जास्त डोकी इथे फुटतात.

आतल्या मोकाचा पक्ष मोठा. कारण उघड आहे: ती देखणी, गर्विष्ठ, अजिंक्य आणि दर भागात मोजून दोन-चार मिनिटं दिसते. कमी दिसतं ते हवंसं वाटतं. बाहेरच्या मोकाला मात्र उरलेला सगळा वेळ पडद्यावर काढावा लागतो: वर्गात बसायचं, वृत्तपत्र मंडळाचं काम करायचं, त्सुकुनेच्या मानेजवळ जाऊन ‘तुझा वास किती छान’ म्हणायचं, लाजायचं. म्हणून तुम्ही तिला मुळमुळीत म्हणता, मुखवटा म्हणता. ‘खरी मोका आतली, ही नुसती वेष्टन आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय.

पण ही बाहेरची मोका करते काय ते बघा. ती आधी माणसांच्या शाळेत शिकलीय. व्हँपायर असतात असं मानते म्हणून तिथल्या मुलांनी तिला एकटं पाडलंय, आणि त्यामुळे माणसं तिला आवडत नाहीत, हे ती पहिल्याच दिवशी त्सुकुनेला सांगते, तो माणूस आहे हे ठाऊक नसताना. तो खरं बोलतो आणि पळून जायला निघतो. त्यानंतर ती त्याच्यामागे जाते. ज्यांचा द्वेष करायला तिच्याकडे सबळ कारण होतं, त्यांच्यातल्या एकाशी मैत्री करायचा निर्णय ती घेते, आणि तोही रोझारिओ निघण्याआधी. म्हणजे शक्ती नसताना. आतल्या मोकाच्या सगळ्या लाथा एका पारड्यात टाकल्या तरी मला हा निर्णय जड वाटतो.

पुढचा परिच्छेद ज्यांनी मांगा वाचली नाही त्यांनी गाळावा. दुसऱ्या भागात उलगडतं की बाहेरची मोका हे रोझारिओमुळे घडलेलं व्यक्तिमत्त्व आहे आणि त्यामागे मोकाची आई अकाशा हिची छाया आहे. ते वाचून आतल्या मोकाच्या पक्षाने विजयोत्सव केला: बघा, आम्ही म्हणत होतो, ती खोटीच. मला यातून नेमकं उलटं दिसतं. जी घडवलेली आहे, जिला स्वतःला आपण कोण हे माहीत नाही, तिने मधल्या काळात मित्र जोडले, भांडली, प्रेम केलं, घाबरली. ती खोटी असेल तर त्सुकुनेची पहिली मैत्रीणच खोटी ठरते, आणि मग ही गोष्ट कुणाची? लेखकाने हा प्रश्न इतका अवघड करून ठेवलाय, आणि तुम्ही तो केसांच्या रंगावर सोडवता.

आणि गंमत म्हणजे तुमचं हे भांडण लेखकाने गोष्टीतच आणून बसवलंय. कोकोआ आठवते? मोकाची सावत्र धाकटी बहीण, दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला शाळेत येते, हत्यारं बनणारं वटवाघूळ सोबत घेऊन. तिला आतली ताई हवी. बाहेरची मोका दिसली की तिचं डोकं फिरतं. ही माझी ताई नव्हेच, म्हणून ती हल्ले करते. रोझारिओ काढू शकणारा त्सुकुने तर तिच्या लेखी उपटसुंभ. कोकोआ म्हणजे आतल्या मोकाची कट्टर चाहती, गणवेशातली. इकेदांनी ती वाचकांकडे बघून लिहिली की नाही हे मी सांगू शकत नाही, पण वाचताना दर वेळी मला ओळखीचे आवाज ऐकू येतात. आणि तुम्ही त्याच कोकोआला ‘किती कटकटी आहे ही पोरगी’ म्हणता! आरसा आवडला नाही वाटतं.

मिझोरेवाल्यांनो, तुमच्याशी माझं फारसं भांडण नाही. तुमची एकच खोड: तिच्या बाजूने बोलताना तुम्ही सतत ‘तिच्यावर अन्याय झाला’ म्हणता. ती त्सुकुनेचे वृत्तपत्रातले लेख कापून जपून ठेवते, खांबाआडून, टेबलाखालून त्याच्याकडे बघत राहते, तोंडात कायम लॉलीपॉप. यावर हसा, लेखकानेही हसण्यासाठीच ते ठेवलंय. मात्र सुरुवातीला ती त्याला बर्फात कोंडू पाहते हेही धरा. मिझोरे आहे युकी-ओन्ना, म्हणजे हिमस्त्री. ही जपानी लोककथांतली फार जुनी बाई आहे. लाफकादिओ हर्न यांनी १९०४ साली इंग्रजीत आणलेल्या कथेत ती एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याचा श्वासाने जीव घेते, बरोबरच्या तरुणाला ‘कुणाला सांगू नकोस’ या अटीवर सोडते, पुढे त्याच्याशीच संसार मांडते आणि तो बोलून गेला त्या दिवशी निघून जाते. थंडी, एकटेपणा आणि मारून टाकेल इतकी ओढ हे सगळं मिझोरेला वारशाने मिळालंय. ते धुऊनपुसून तिला नुसती बिचारी करून टाकलीत, तर उरतं काय?

तिची खरी गोष्ट हिमगावात आहे. तिथल्या बायकांना मूल होण्याची वर्षं फार थोडी असतात, जन्मदर घसरलाय, म्हणून वयात येताच लग्न उरकायची घाई. आई त्सुरारापासून सगळ्यांचं लेकीच्या लग्नाकडे लक्ष, आणि गावाच्या भल्यासाठी तिचा सौदा करायला तयार असलेले वडीलधारे. ही पानं वाचताना मला राक्षसकथा वाचतेय असं वाटलंच नाही. ‘आता तुझं वय झालं’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी जेवणाच्या पंगतीत ऐकलंय! कुरुमुवरही तिच्या जमातीचं ओझं तसलंच. इकेदांनी दोन वेगवेगळ्या मुलींना एकच काळजी दिलीय, वंश टिकवण्याची, आणि दोघी एकाच मुलामागे असूनही एकमेकींच्या मैत्रिणी आहेत. कोण जिंकणार यावरच डोळा ठेवून वाचलं, तर ही मैत्री दिसतच नाही.

युकारीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या तक्रारीच्या अर्ध्या भागाशी सहमत आहे. अकरा वर्षांची चेटकीण मुलगी, हुशार म्हणून थेट हायस्कूलमध्ये टाकलेली. ती खोड्या काढते, डोक्यावर तवे-भांडी पाडते, कर्कश बोलते. हे डोक्यात जातं, मान्य. पण चेटकिणींना राक्षस आपलं मानत नाहीत आणि माणसंही नाहीत. वर्गप्रमुखासह सगळे तिला छळतात, आणि खोड्या हा तिचा लक्ष वेधायचा एकमेव मार्ग आहे. वर्गात दोन-चार वर्षांनी लहान असलेलं मूल कसं वागतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ती पटेल. जे खरोखर खटकण्यासारखं आहे ते तिने केलेलं नाही, तिच्याबाबतीत केलं गेलंय: इतक्या लहान मुलीलाही अ‍ॅनिमेने मोठ्यांच्या चावट विनोदांत ओढलं. तिथे ‘अरे, हे काय चाललंय’ म्हणणारा प्रेक्षक बरोबर आहे. त्याला ‘ही शैलीच अशी असते, नसेल झेपत तर बघू नकोस’ म्हणून हाकलणारे तुम्ही चूक आहात.

जपानमध्येही हा वाद झालेला आहे. मिउरा तादाहिरो यांची ‘युरागी-सोउ नो युउना-सान’ ही भुतांच्या वसतिगृहाची हॅरेम मांगा ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात २०१६ ते २०२० चालली. भूत झालेली युउना, गरम पाण्याच्या झऱ्याकाठचं जुनं घर, तिथे राहायला आलेला कोगाराशी. २०१७ च्या जुलैमध्ये पात्रांच्या लोकप्रियतेच्या मतदानाचा निकाल रंगीत पानावर आला, आणि त्या चित्रात मुलींचे कपडे निसटत होते, चेहरे लाजेने कावरेबावरे. मुलांच्या साप्ताहिकात हे का, असं पालकांनी आणि इतरांनी विचारलं. चाहत्यांनी उत्तर दिलं की हे मासले तिथे पूर्वीपासूनच आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला त्या चित्रात दुसरंच काही खुपलं. वाचकांनी आवडीने मतं देऊन ज्यांना निवडलं, त्यांच्या सत्काराची ती पद्धत होती.

या मतदानांना हलकं समजू नका हेही सांगते. ‘शोनेन जंप’मध्ये वाचकांची मतपत्रिका हा दरारा आहे, अंकासोबतच्या पोस्टकार्डावर आवडत्या तीन मालिका लिहून पाठवायच्या, आणि जी सतत तळाशी राहील तिचा गाशा गुंडाळला जातो. प्रतिक्रियेत केवढी ताकद असते याचा सगळ्यात छान दाखला या कथाप्रकाराच्या आद्य नायिकेचाच आहे. ताकाहाशी रुमिको यांनी १९७८ मध्ये ‘उरुसेइ यात्सुरा’ सुरू केली तेव्हा लम ही वाघाच्या कातड्याच्या बिकिनीतली ओनी (जपानी राक्षस) मुलगी फक्त पहिल्या प्रकरणापुरती होती. नायिका ठरली होती शिनोबु. दुसऱ्या प्रकरणात लम नाहीच. तिसऱ्यात परत आली ती कायमची, आणि आज शिनोबुचं नाव किती जणांना सांगता येईल? २०२२ मध्ये नवा अ‍ॅनिमे आला तेव्हाही जाहिरातीवर लमच होती. एक पात्र आवडल्याने गोष्ट बदलते, मोठी होते. एक पात्र नावडल्याने त्याच्या चाहतीला शिव्या घातल्या, तर काय बदलतं?

रुबीविषयी थोडक्यात. सूर्यफुलांचं शेत, तिथे तिला वाढवणारी म्हातारी चेटकीण, माणसांच्या गाडीखाली गेलेले आईबाप, शेतावर येऊ घातलेलं बांधकाम. सूड घ्यायला निघालेली ही मुलगी मालिकेतली सगळ्यात गंभीर पाहुणी होती. नंतर तिला शाळेत नोकरी लागली आणि लेखकाने तिला मार खायला आवडतो या एकाच विनोदावर वर्षानुवर्षं राबवलं. इथे मी इकेदांनाच जबाबदार धरते.

आणि त्सुकुने. ‘पडेल’, ‘नुसता किंचाळतो’, ‘या मुलींना याच्यात काय दिसलं’. काय दिसलं ते वर कुरुमुच्या प्रसंगात सांगितलंच. त्याच्याकडे शक्ती नाही, म्हणून तो मध्ये उभा राहतो तेव्हा ते धाडस ठरतं. मांगात पुढे तो शिकतो, लढतो, शरीराने बदलत जातो. तेव्हा तुमच्यातलेच काही म्हणू लागले की आता तो पूर्वीसारखा राहिला नाही, दर दुसऱ्या मांगाच्या नायकासारखा झाला. त्या बिचाऱ्याने करावं तरी काय?

तर मागणं काय आहे? तिसरा सीझन कधी, हा प्रश्न तुम्ही २००८ पासून विचारताय, मीही विचारते. जुन्या मालिका नव्याने करण्याची सध्या लाट आहे, तेव्हा उद्या कुणाच्या मनात आलंच तर ते आधी चाहते कशाबद्दल बोलतात हे बघतील. आपण अठरा वर्षं छाती, लाथ आणि केसांचा रंग यांवरच बोलत राहिलो, तर पुन्हा तेच मिळेल, वटवाघळासकट. म्हणून यापुढे एखादीला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण कुठल्या प्रसंगात ती कशी वागली म्हणून, ते सांगा. माझ्या कुरुमुलाही सोडू नका. सुरुवातीला संमोहनाने तिने त्सुकुनेचं जे केलं, तेच एखाद्या मुलाने मुलीचं केलं असतं तर आपण त्याला माफ केलं असतं का, हा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही. विचारा. उत्तर द्यायला मला जड जाईल, पण त्या भांडणात मी आनंदाने उतरेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक कुरुमुवाली

ता. क. गिनला कुणी वाली नाही असं या पत्रावरून वाटेल. लांडगामानव असलेला हा वृत्तपत्र मंडळाचा अध्यक्ष मुलींच्या खोलीत चोरून डोकावतो, आणि तो मुलींची माफी मागत नाही तोवर मी त्याच्या बाजूने एक ओळही लिहिणार नाही.